शिपाई भरतीला पदवीची अट आणि वय 25? आधी पहाटे मैदानावर येऊन बघा

शिवारवाट

आमच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर सध्या एक पोस्ट फिरतेय. म्हणणं असं की, बारावी पास पोरांच्या हाती कायदा देणं आता बंद करा. पोलीस शिपायाला किमान पदवी हवी, खुल्या गटाचं वय 28 वरून 25 वर आणा आणि ग्राउंडचे, म्हणजे धावणं-गोळाफेक या मैदानी चाचणीचे, गुण मेरिटमधून काढून ते नुसतं पास-नापास ठेवा. खाली टाळ्या वाजवणाऱ्यांची रांग लागलीय. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

मी तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर पोरापोरींचं ग्राउंड घेतो. अकॅडमी नाही, फी नाही. पहाटे पाचला येतात आणि सातला कोणी दूध घालायला, कोणी मेडिकलवर, कोणी ऊसतोडीच्या टोळीवर जातं. त्यांच्या बाजूने बोलतोय, हे आधीच सांगतो.

पहिला मुद्दा पदवीचा. बारावी ही किमान अट आहे. पदवीधराला कोणी अडवलंय? 2024 ला 17,471 जागांसाठी साडेसतरा लाखांच्या वर अर्ज आले. त्यात इंजिनिअर होते, एमए होते, बीएड झालेले होते. माझ्या मैदानावरची निम्मी पोरं पदवीधर आहेत. म्हणजे पदवीची अट घातल्याने खात्यात नवीन कोणी येणार नाही, जे आज येतात त्यातले काही बाहेर जातील. बाहेर कोण जाईल? 18-19 वर्षांची मुलगी, जिच्या घरचे "एवढी एक भरती दे, नाहीतर स्थळं बघतो" असं तोंडावर सांगतात. तिच्यासाठी पदवीची तीन वर्षं कोणी थांबत नाही.

दुसरा वयाचा. भरती दरवर्षी निघत असती तर 25 वर बोलायला बसलो असतो. 2019 च्या जागांची लेखी 2021 मध्ये झाली. 2021 च्या जागांचं ग्राउंड 2023 च्या जानेवारीत. 2022-23 च्या जागांचं ग्राउंड 2024 च्या जूनमध्ये, तेही पावसाच्या तोंडावर, मैदानात चिखल झाल्याने तारखा पुढे ढकलत. शेवटी ऑगस्ट 2025 ला मंत्रिमंडळानेच पंधरा हजारांच्या आसपास जागांना मंजुरी देताना 2022 आणि 2023 मध्ये वय उलटलेल्यांना एक वेळची संधी दिली. सरकारला स्वतःलाच कळतंय की उशीर पोरांचा नाही. आता 21 ला पदवी आणि 25 ला दार बंद, असा हिशेब मांडून बघा. मधल्या काळात एक भरती आली तरी नशीब म्हणायचं.

तिसरा ग्राउंडचा. 50 गुणांचं ग्राउंड, 100 गुणांची लेखी. आधीच लेखीला दुप्पट वजन आहे. ग्राउंडमध्ये निम्मे गुण, म्हणजे 25, मिळाले तरच पुढे जाता येतं आणि एका जागेला दहा जण लेखीला बोलावतात. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारून 20 पैकी 20 घेणं म्हणजे काय, ते शेवटच्या राऊंडला पोराचा चेहरा बघितल्याशिवाय कळत नाही. गोळा 7.260 किलोचा. वरणभातावर वाढलेल्या अंगाने तो साडेआठ मीटर टाकायला वर्ष-दीड वर्ष जातं. क्लासची हजारो रुपये फी नसलेल्या पोराला जिथे बरोबरीने उभं राहता येतं ती ही एकच जागा. तीही काढून घ्या म्हणता?

---

काळाकोट

शिवारवाट, तळमळ पोचली. पण तुमच्या लिखाणात भरती हा पोरांच्या रोजगाराचा प्रश्न आहे. माझ्यासारख्याला तो फिर्यादीचा प्रश्न दिसतो. पोलीस ठाण्यात जो माणूस रडत येतो त्याच्या बाजूने एकदा बघा.

मी तालुका कोर्टात वकिली करतो. एका दुकानदाराची केस सांगतो. रात्री दुकान फोडून माल नेला. आरोपी सापडले, चोरीचा मोबाईलही त्यांच्याकडे सापडला. जप्ती पंचनाम्यात आयएमईआय नंबर 14 आकडी लिहिलाय. आयएमईआय 15 आकडी असतो. घटनास्थळाच्या पंचनाम्यात रस्ता दुकानाच्या उत्तरेला, कच्च्या नकाशात दक्षिणेला. समोरच्या वकिलाने पंचाला उभं करून एवढ्या दोन गोष्टींवर अर्धा तास घेतला. आरोपी सुटले. माझा दुकानदार बाहेर येऊन मला विचारतो, साहेब, आपलं काय चुकलं? काय सांगू त्याला?

1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करायचं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. तो येईपर्यंत जागा राखायची शिपायाने. कशाला हात लावायचा नाही हे त्याला कळायला हवं की नको?

आणि पदवीला किंमत मी एकटा देत नाही. मे 2025 ला गृह विभागाने पदवीधर, सात वर्षं सेवा झालेल्या आणि नाशिकला सहा आठवड्यांचं तपासाचं प्रशिक्षण पास झालेल्या अंमलदारांना छोट्या गुन्ह्यांचा तपास करू दिला. बारावीवाल्याला नाही दिला. का नाही दिला, याचं उत्तर द्या.

---

जुना बिल्ला

वकीलसाहेब, नमस्कार. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. तुमच्या 14 आकड्यांच्या पंचनाम्यावर सही कोणाची होती? तपासी अंमलदाराची ना? म्हणजे फौजदाराची, पीएसआयची. फौजदार सरळसेवेने आला असेल तर पदवीधरच असतो, एमपीएससी पास होऊन नाशिकला अकादमीत शिकून आलेला असतो. त्याच्या पदवीला पंधरावा आकडा का दिसला नाही? पाप वरच्याचं आणि पावती शिपायाच्या नावावर, हे मी नोकरीभर बघितलं.

गावातल्या कामाला पदवी लागत नाही. दोन सख्ख्या भावांची बांधावरून भांडणं, दोन्हीकडे कुऱ्हाडी निघालेल्या, बायका-पोरं ओरडतायत. मी आणि एक होमगार्ड, एवढेच. मी धाकट्याला त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाने हाक मारली. तो थबकला, तेवढ्यात मोठ्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. मला त्यांच्या बापाचं नाव माहीत होतं, कारण मी त्या बीटला वर्षानुवर्षं पायी फिरलो होतो. हे कुठल्या विद्यापीठात शिकवतात?

आणि एक कडू बोलतो. पदवीधर पोरं येतात ती शिपाई म्हणून राहायला येत नाहीत. लागल्या दिवसापासून एमपीएससीचं पुस्तक कपाटात. रात्रपाळी नको, बंदोबस्त नको, परीक्षेच्या आधी आजारपणाची रजा. त्यांची चूक म्हणत नाही, पण ड्युटी कोणावर पडते? बारावीवाल्यावर.

---

काळाकोट

काका, मानाने बोलतो, पण गृहीत धरू नका. तो फौजदार खात्यातून बढतीने आलेला होता, पदवीधर नव्हता. आणि प्रत्यक्ष पंचनामा लिहिला होता शिपायाने, साहेबांनी न वाचता सही केली. दोघंही चुकले. तुमचा बांधाचा प्रसंग भारी आहे, पण तुमच्यासारखा एखादाच असतो. नियम एखाद्यासाठी करायचा नसतो.

---

सोनसळी

पदवी, वय, ग्राउंड यावर सगळे बोलताय. उंचीवर कोणी बोलणार आहे का?

मी पदवीधर आहे, त्यामुळे वकीलसाहेबांच्या अटीत बसते. 800 मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत येते, त्यामुळे शिवारवाटदादांच्या मैदानातही बसते. माझी उंची 154.5 सेंटिमीटर आहे. अट 155.

एका जिल्ह्याच्या भरतीत गेले. कागदपत्रं झाली, मग उंची. आंबाडा सोडायला लावला, केस मोकळे केले, टाचा भिंतीला टेकवल्या. मोजणाऱ्या ताईंनी पट्टी डोक्यावर आणली, वाचली, पुन्हा वर घेतली, पुन्हा आणली. त्यांनाच वाईट वाटत होतं. शेजारच्याने वहीत "अपात्र" लिहून पुढचा चेस्ट नंबर पुकारला. धावायची वेळच आली नाही. रात्रभर एसटीने प्रवास करून आले होते आणि मोजणी झाली दुपारी. दिवसभर उभं राहिलं की माणसाची उंची थोडी कमी भरते, हे डॉक्टरांना विचारा.

आता खरी गोष्ट. आयपीएसला मुलींची उंची 150 लागते. शिपायाला 155. एमपीएससीच्या पीएसआयला 157. म्हणजे मी जिल्ह्याची एसपी होऊ शकते, त्याच जिल्ह्यात शिपाई होऊ शकत नाही. याचं कारण मला कोणीतरी समजावून सांगा.

---

बंदोबस्त

ताई, वाईट वाटलं वाचून, पण उंची लागतेच. एसपी गाडीतून येतो. शिपाई गर्दीत उभा असतो. विसर्जनाच्या रात्री दोरी धरून उभं राहिलं आणि मागून हजार माणसांचा लोट आला की अर्धा सेंटिमीटर काय, अर्धा फूट कमी पडतो. ढाल, हेल्मेट, लाठी हे सगळं अंगावर घेऊन दगडफेकीत उभा राहिलोय मी. माझ्या शेजारची लेडीज शिपाई गर्दीत खाली गेली, तिला ओढून काढताना माझा खांदा निखळला. बरं, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. 154.5 ला घेतलं तर उद्या 154 वाली येईल.

---

सोनसळी

रेघ ओढा, पण एकच ओढा. गर्दीत उंची लागते तर एसपी मॅडम दंगलीत येत नाहीत का? अधिकारी गाडीतून येतो आणि शिपाई दोरी धरतो असं तुमचंच म्हणणं, मग पीएसआयला 157 कशाला? तुमच्या हिशेबाने उलटं हवं होतं.

आणि तुमच्या शेजारची ताई खाली गेली ती उंचीने गेली की दोरीवर माणसं कमी लावली म्हणून गेली? ती किती उंच होती, सांगाल?

---

बंदोबस्त

उंची विचारायला वेळ नव्हता, तिचा श्वास चालू आहे का बघत होतो. घरी बसून प्रश्न विचारणं सोपं आहे.

---

सोनसळी

घरी बसलेय कारण तुमच्या खात्याने बसवलंय. हौसेने बसले नाही.

---

जुना बिल्ला

थांबा दोघं. बंदोबस्तभाऊ, पोरीवर असं बोलू नका. मी सांगतो, महिला हेल्प डेस्कला, बालकांच्या केसला, बलात्कारातल्या मुलीसोबत दवाखान्यात बसायला उंची लागत नाही. आजकाल महिला अंमलदाराचं निम्मं काम तेच आहे. आमच्या ठाण्याला एक ठेंगणी होती, भरतीत अगदी काठावर बसलेली. तिच्यापुढे भले भले गुंड खाली बघून बोलायचे. आवाज होता तिला.

पण ताई, राज्य राखीव दलात पुरुषांना 168 उंची लागते, ती मी काढू देणार नाही. तिथे काम वेगळं.

---

सोनसळी

काका, एसआरपीएफचं मी कुठे म्हटलं? तिथे ठेवा. जिल्हा पोलिसांच्या शिपायाचं बोला. कामाप्रमाणे अट ठेवा एवढंच म्हणतेय, आणि तुम्ही आत्ता तेच बोललात.

---

खडूफळा

मी एका क्लासमध्ये गणित-बुद्धिमत्ता शिकवतो. उंचीच्या नादात मुलींकडून किती पैसे उकळले जातात ते बघितलंय. "तीन महिन्यांत चार सेंटिमीटर" म्हणून पावडरचे डबे विकतात, लटकायचे बार विकतात, बुटात घालायचे तळवे विकतात. विशीच्या पुढे हाड वाढत नाही हे साधं जीवशास्त्र आहे. काहींच्या घरी कर्ज काढून डबे घेतलेत. ही अट कायम ठेवायची तर निदान अर्ज भरायच्या आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मोजून दाखला द्या. 350-450 रुपये फी, प्रवास, राहणं, सगळं करून शेवटी पट्टीखाली कळायचं, हे चुकीचं आहे.

पण मला मूळ मुद्द्यावर शिवारवाट यांना विरोध करायचाय. ग्राउंड पास-नापास केलं तर गरीब मरेल म्हणता. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत पाच किलोमीटर धावताना पोरं मेली, आठवतंय? त्यानंतर अंतर कमी केलं. पोरं जिवाच्या आकांताने धावतात कारण एकेका सेकंदाला गुण आहेत. एमपीएससीने पीएसआयचं ग्राउंड पात्रतेपुरतं केलं, तिथे आभाळ कोसळलं का?

---

शिवारवाट

सर, ती पोरं गुणांमुळे मेली असं म्हणू नका. जून महिन्यात, उन्हात, रात्रभर फुटपाथवर झोपलेल्या, सकाळपासून पोटात काही नसलेल्या पोरांना पाच किलोमीटर धावायला लावलं. पहाटे सुरू करा, झोपायला शेड द्या, पाणी-केळी द्या, डॉक्टर उभा ठेवा. हे करायचं सोडून गुण काढता?

पीएसआयचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे पूर्व, मुख्य, मुलाखत आहे. इथे एकच वस्तुनिष्ठ पेपर, 90 मिनिटांचा. 2019 ला नियम बदलून लेखी आधी केली होती. तेव्हा शहरातल्या टेस्ट सिरीजवाल्यांची चांदी झाली आणि माझ्या मैदानावरची सोळाशेला पहिली येणारी पोरं ग्राउंडपर्यंत पोचलीच नाहीत. 2022 ला पुन्हा ग्राउंड आधी आणलं तेव्हा ती आत गेली. मी डोळ्यांनी बघितलंय.

---

खडूफळा

तुमच्या मैदानावरचं तुम्ही बघितलंत, माझ्या वर्गातलं मी बघितलंय. ग्राउंड आधी आल्यापासून इंजेक्शनं घेणारे वाढलेत. मैदानाबाहेर सिरिंज पडलेल्या असतात. त्यावर बोला.

---

शिवारवाट

त्यावर बोलतो. माझ्याकडे असा एक आला होता, त्याच दिवशी हाकलला. चाचणी करा, सापडला तर कायमचा बाद करा, माझा पाठिंबा आहे. पण चोरासाठी सावाचं घर बंद करत नाहीत.

---

निष्काम सेवा

सगळे आपापलं मांडतायत, होमगार्डचं कोणीच घेत नाही. जुना बिल्ला काकांच्या गोष्टीतसुद्धा होमगार्ड शेजारी उभा होता, नाव कोणाचं झालं? 1095 दिवस, म्हणजे तीन वर्षं सेवा झाल्याशिवाय 5 टक्क्यांच्या आरक्षणात बसत नाही. ड्युटी मिळते सण-निवडणुकीला. सेवा भरेपर्यंत वय पुढे सरकतं. त्यात वय 25 करा म्हणणाऱ्यांनी आमच्यासोबत रात्रभर गणपतीच्या मंडपात बसून दाखवावं.

---

चेस्टनंबर

माझं कोणीतरी ऐका. शिक्षण, उंची, ग्राउंड सगळ्यात बसतो. आंदोलनात रस्ता रोकोला होतो, 19 वर्षांचा होतो, गुन्ह्यात नाव आलं. केस कोर्टात पडून आहे. फॉर्ममध्ये गुन्हा दाखल आहे का हा रकाना आहे. मित्र म्हणतात "नाही" लिही, कोण बघतंय. अकॅडमीवालाही तेच म्हणाला. खरं लिहिलं तर चारित्र्य पडताळणीत उडेन का? पदवी-बारावीच्या भांडणात हे कोणीच बोलत नाही. किती पोरं यात अडकलीत माहितेय?

---

काळाकोट

चेस्टनंबर, "नाही" अजिबात लिहू नका. ज्याने सांगितलं त्याला पुन्हा विचारू नका.

सुप्रीम कोर्टाचा 2016 चा अवतार सिंग निकाल आहे. माहिती लपवली तर निवड रद्द होऊ शकते, कामावर घेतल्यानंतरही. त्याच निकालात असंही आहे की गुन्हा किरकोळ असेल, कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखा, तर लपवलं असलं तरी नेमणूक करणारा विचार करू शकतो. पण त्या "शकतो"वर आयुष्य टांगू नका. खरं लिहा, कलमं लिहा, केस नंबर लिहा, कोर्टातली सद्यस्थिती लिहा. खरं लिहिलं म्हणजे नोकरी मिळेलच असं नाही, पूर्वइतिहास तपासायचा अधिकार खात्याला राहतो. पण लपवलेलं सापडलं तर बचावाला काही उरत नाही. आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याची शासनाची प्रक्रिया अधूनमधून निघते. तुमची केस त्यात बसते का हे सरकारी वकिलांच्या कार्यालयात जाऊन विचारा. केसची तारीख चुकवू नका, वॉरंट निघालं तर मग खरंच अवघड.

---

चेस्टनंबर

धन्यवाद साहेब. एवढं कोणी सांगितलं नव्हतं.

---

बंदोबस्त

म्हणजे गुन्हा दाखल असलेला चालतो आणि आमच्यावर दगड मारणाऱ्यांतलाच उद्या आमच्या शेजारी उभा राहणार? त्या रस्ता रोकोत आमची गाडी फोडली होती का, तेही विचारा.

---

चेस्टनंबर

गाडी कोणी फोडली मला माहीत नाही. मी रस्त्यावर बसलो होतो. बसलेल्यांची नावं लिहून घेतली, फोडणारे पळाले.

---

जुना बिल्ला

तसंच होतं. जो पळत नाही त्याचं नाव लागतं. बंदोबस्तभाऊ, तुम्हालाही ते माहीत आहे.

---

बंदोबस्त

होतं तसं कधी कधी. पण म्हणून सगळ्यांना मोकळं सोडायचं नाही.

---

शिवारवाट

मूळ मुद्द्यावर येतो. वकीलसाहेब, तुम्ही चेस्टनंबरला जे सांगितलंत त्याबद्दल आभार. पण तुमच्या दुकानदाराच्या केसवर मी रात्रभर विचार केला आणि तुमचं दुखणं पदवीचं आहे असं मला वाटत नाही. पंचनामा नीट लिहिणं हे लिहिण्याचं काम आहे. आणि आपल्या अख्ख्या भरतीत उमेदवाराला एक ओळ लिहायला लावत नाहीत. गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण, सगळं गोल काळे करायचं. समानार्थी शब्द ओळखणारा पोरगा चार वाक्यांची तक्रार सरळ लिहू शकतो का, हे कोणी तपासतच नाही. बीएची पदवी गाईड वाचून मिळवलेल्यालाही ते येत नाही. माझ्याकडचे बीए झालेले रजेचा अर्ज मला लिहून मागतात.

तेव्हा पदवीची अट नको, लेखीत 20 गुण लिहिण्याला ठेवा. एक प्रसंग द्या: अपघात झालाय, समोर काय दिसतंय ते दहा-बारा ओळींत लिहा. दिशा, अंतर, वेळ, गाडी नंबर. जो बारावीवाला लिहील तो आत, जो एमए लिहू शकणार नाही तो बाहेर.

---

काळाकोट

आणि साडेसतरा लाख उतारे तपासणार कोण? तुम्ही?

---

शिवारवाट

साडेसतरा लाख लेखीला बसतच नाहीत. आधी ग्राउंड, मग एका जागेला दहा. 17,471 ला दहाने गुणा, पावणेदोन लाखांच्या आत. जिल्हावार वाटले तर बोर्डाच्या पेपरांपुढे हे काहीच नाही. ग्राउंड आधी आणि गुणांसकट हवं असं मी म्हणतो त्याचं हेही एक कारण धरा.

---

खडूफळा

हाताने तपासलेल्या पेपरात वशिला शिरतो. गोल काळे करण्यात निदान मशीन तपासते. पोरं आज ज्या निकालावर थोडाफार विश्वास ठेवतात तो घालवू नका. कोर्टात शेकडो याचिका पडतील आणि तुमचीच पोरं नेमणुकीविना वर्षभर लटकतील.

---

शिवारवाट

हा धोका आहे, मान्य. मग उतारा नुसता पात्रतेपुरता ठेवा, गुण मेरिटमध्ये धरू नका. नाव झाकून दोघांनी तपासा.

---

खडूफळा

अच्छा, ग्राउंड पात्रतेपुरतं म्हटलं की गरीब मरतो आणि उतारा पात्रतेपुरता चालतो.

---

शिवारवाट

चालतो. गोळ्याचा टप्पा टेपने मोजता येतो, लिहिलेल्या उताऱ्याला टेप लावता येत नाही. ज्याला माप आहे त्याला गुण द्या.

---

जुना बिल्ला

भरतीत काय घ्यायचं ते घ्या, पण प्रशिक्षणाचं विसरू नका. आम्हाला नऊ महिने होते. त्यात परेड किती आणि पंचनामा किती, हे कुठल्याही जवानाला विचारा. सलामीचा हात कसा असावा हे घटवून घेतलं, घटनास्थळाचा नकाशा हाताने काढून घेतलेला मला आठवत नाही. तो मी ठाण्यात एका म्हाताऱ्या हवालदाराकडून शिकलो. त्याने माझे पहिले कागद फाडून टाकले आणि पुन्हा लिहायला बसवलं. वकीलसाहेब, तुमच्या केसमधल्या शिपायाला असा कोणी भेटला नाही, एवढंच. उद्या पदवीधर आणा, त्यालाही कोणी भेटला नाही तर तो 14 आकडेच लिहिणार.

---

काळाकोट

काका, प्रशिक्षणाचं शंभर टक्के. शिवारवाट, वयाचं तुमचं बरोबर आहे, भरती वेळेवर नाही तोवर 28 ला हात लावू नये. उतारा चांगली कल्पना आहे, अंमलबजावणीवर माझा भरवसा नाही. पदवीवर मी हललेलो नाही. मे 2025 चा निर्णय का झाला, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

---

शिवारवाट

त्याच निर्णयात आहे की उत्तर. नुसत्या पदवीवर तपास दिलेला नाही. सात वर्षं सेवा आणि सहा आठवड्यांचं प्रशिक्षण लागतं. पदवी पुरेशी असती तर लागल्या दिवसापासून दिला असता. आणि बारावीवर लागलेल्याला नोकरीत राहून मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते, अनेक जण घेतात. दार आत आल्यावर उघडं आहे. तुम्ही ते फाटकावरच लावायला निघालात.

---

काळाकोट

सेवेत राहून पदवी घेणाऱ्यांना फी आणि परीक्षेची रजा खात्याने द्यावी, अशी मागणी करणार असाल तर निवेदनावर माझी सही घ्या. तेवढ्यापुरता तुमच्या बाजूने.

---

सोनसळी

निवेदन लिहिताच आहात तर उंची घाला त्यात. आयपीएसला 150, शिपायाला 155, पीएसआयला 157. बंदोबस्तदादांनी गर्दी सांगितली, काकांनी एसआरपीएफ सांगितलं. हे तीन आकडे वेगवेगळे का, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.